वरचं पाणी

कुनिओने जेवायला बसल्या बसल्या फोन भाताच्या वाडग्याशेजारी ठेवला, त्यावर दोन बोटांनी डोंगर मोठे केले, आणि तामायोने मनात ठरवून टाकलं की आज ह्याला दुसऱ्यांदा भात वाढायचा नाही.

"मेचा शेवटचा शनिवार," तो म्हणाला. "मी आणि शिओझाकीसाहेब. शुक्रवारी संध्याकाळी इथे येतो, शनिवारी उजाडता उजाडता वर जातो. ताई, तुझ्याकडून काय काय लागेल ते एकदा सांगून टाकतो."

"माझ्याकडून काहीही लागणार नाही," तामायो म्हणाली. "डोंगरात ओढ्यांना काय तोटा पडलाय? जा ना कुठल्याही ओढ्यावर. मासे काय, सगळीकडे ओलेच असतात."

"कुठल्याही ओढ्यावर जायचं तर साहेबांना सेंदाईहून इथवर कशाला आणू? मला त्यांना वरचं पाणी दाखवायचंय."

झालं! तो शब्द त्याने लोणचं मागावं तसा मागितला. ह्या घरात तो शब्द खालच्या आवाजात उच्चारायचा असतो, आणि तोही शेजारची खिडकी बंद आहे ना हे बघून. पण शहरात राहून माणसाची जीभ सैल सुटते. तामायोने चमचा भांड्यावर आपटला.

वरचं पाणी म्हणजे काय हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. इवाना हा डोंगरातला ट्राउट मासा. थंडगार पाण्यात, दगडाच्या पोटात लपून राहणारा. पण मोठा धबधबा आला की तिथे त्याचंही काही चालत नाही. धबधब्याच्या वर पाणी कितीही चांगलं असो, मासा नसतो. म्हणून जुनी माणसं काय करायची, तर खालचे जिवंत मासे पाठीवरच्या डब्यात घालून, कडे चढून धबधब्याच्या वर नेऊन सोडायची. चार-सहा उन्हाळे असं केलं की वरच्या डोहांत वीण लागायची. मग ते पाणी त्या घराचं. कागदावर नाही, नकाशावर नाही, फक्त त्या घराच्या डोक्यात. शेजाऱ्याला त्याचं वरचं पाणी कुठे आहे हे विचारणं म्हणजे त्याच्या बायकोचं वजन विचारण्यासारखंच. माहीत करून घ्यायची इच्छा सगळ्यांना, पण तोंड उघडायची कुणाची टाप नाही.

ह्या घराचं पाणी तोमेकिचीने, म्हणजे तामायो-कुनिओच्या बापाने, तरुणपणी केलं होतं. आता तो शेजारच्या खोलीत खाटेवर पडून असतो. त्या पाण्याच्या वाटेवरच्या धबधब्यावरून पडून त्याचं कंबरडं मोडलं, त्याला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून वर जाते ती तामायो. एकटी. वसंतात एकदा, पानगळीच्या आधी एकदा. खेपेला एक मासा मारायचा, एकच, तो बापासाठी. बाकीचे मोजत बसायचं आणि खाली यायचं. तो ओढा तो केवढा! उडी मारून पार करावा एवढा. दोन माणसं दोन दिवस मन लावून बसली तर खरवडून निघेल.

"तुझ्या साहेबाला बाजारात मासे मिळत नाहीत?" तिने विचारलं.

"ताई, उगाच वाकड्यात शिरू नकोस. आमची शाखा बंद होतेय. निम्मी माणसं पार उत्तरेच्या बेटावर पाठवणार आहेत, आणि कोण जाणार, कोण राहणार ते शिओझाकीसाहेब ठरवणार. माझी सासू अंथरुणाला खिळलीय, पोरगी बारावीला आहे. मी त्या बर्फात जाऊन काय करू? साहेबांना एकच वेड आहे. ज्याने कधी गळ बघितलेला नाही असा इवाना त्यांना धरायचाय. तो मी धरवला तर माझं नाव त्यांच्या लक्षात राहील."

"माशाच्या बदल्यात नोकरी! मग माणूस कशाला झालास? साहेबाचं मांजर व्हायचं होतंस."

"तुला बोलायला काय जातंय? तुला नवरा नाही, पोर नाही, बदली नाही."

हे तामायोच्या वर्मी लागलं, आणि लागलं हे त्याला दिसलं, आणि दिसलं तरी तो धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं कुरुकुरु चावत राहिला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा होता; त्याला सोडून ती ह्या घरी परत आली तेव्हा ह्याच कुनिओने टाळ्या वाजवल्या होत्या, कारण म्हाताऱ्याचं करायला फुकटचं माणूस मिळालं. बापाची बेडपॅन कुणी उचलली? छपरावरचं बर्फ कुणी ओढलं? आणि आता हा फोनवर डोंगर पसरून बसलाय!

"ऐक," ती म्हणाली, "मी दाखवणार नाही. तुला वाट माहीत नाही. विषय संपला."

"वाट माहीत नाही कारण मला कधी कुणी नेलंच नाही!"

"तू पंधराव्या वर्षी म्हणालास, मला चिखल आवडत नाही. मी तिथे होते."

"काय कुत्र्या-मांजरांसारखे भांडताय?" आतून तोमेकिचीचा आवाज आला. म्हाताऱ्याची कंबर गेली होती, कान शाबूत होते. "कुनिओ, आत ये. आणि दार ओढून घे."

तामायोला वाटलं, आता ह्याची खरडपट्टी होणार. ती समाधानाने भांडी विसळायला लागली. म्हातारा तापट होता. वरच्या पाण्याबद्दल कुणी ब्र काढला की तो आई-बाप काढायचा. तिने मुद्दाम नळ बारीक केला. पण आतून ओरडणं आलंच नाही. हलका आवाज आला, बराच वेळ. मग कुनिओचं "हं, हं", आणि मग चक्क म्हाताऱ्याचं हसणं. तामायोने म्हाताऱ्याला हसताना कधी ऐकलं होतं ते तिला आठवेना.

कुनिओ बाहेर आला तो फुगूनच. फोन खिशात घातला.

"झालं काम. तुला यायची गरज नाही. बाबांनी सगळी वाट समजावली."

ती ओल्या हातांनी तशीच आत गेली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"सांगितलीत त्याला?"

"मुलगा आहे माझा. त्याने विचारलं, मी सांगितलं."

"आणि परक्या माणसाला घेऊन जाणार आहे तो, हे ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग मी कोण आहे? वीस वर्षं मी काय त्या ओढ्यावर कपडे धुवायला जात होते?"

"तुला वेगळं काय सांगायचं? तुला माहीतच आहे," म्हातारा म्हणाला, आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

हेच तर! तिला त्याने कधीच काही सांगितलं नव्हतं. लहानपणी ती त्याचं ओझं वाहत मागे चालली, म्हणून तिला वाट कळली. मधे एका शब्दाने तो म्हणाला नव्हता की इथे वळ, इथे पाय जपून, हे आपलं, हे तुझं. कंबर मोडल्यावर पहिल्या वसंतात तिने आपणच बूट घातले आणि ती गेली. तो "जा" म्हणाला नाही आणि "नको"ही म्हणाला नाही. आणि चिखल न आवडणाऱ्या पोराला मात्र खोलीत बोलावून, दार लावून, हसत हसत सगळं दिलं. तामायो त्या रात्री जेवली नाही. जेवली नाही हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे आठवडे कुनिओ फोनवरून मोहिमेची तयारी करत होता, म्हणजे तिच्याकडून करवून घेत होता.

"ताई, बर्फाचं पाणी उतरलं का?"

"उतरलं नाही. या आणि वाहून जा."

"गंमत नको. दोर आहे ना आपल्याकडे?"

"आहे. गळ्याला पुरेल एवढा."

"अस्वलं लांब राहावीत म्हणून कमरेला बांधायच्या दोन घंटा लागतील. आणि हो, गांडुळं नको काढून ठेवूस. साहेब गांडुळं लावत नाहीत, ते गळाला पिसाची खोटी माशी लावून धरतात."

"मग साहेबाला म्हणावं पंख लावूनच ये, वाट विचारायचीही गरज नाही."

तो फोन आपटायचा. ती मग अंगणात जाऊन बर्फाच्या शेवटच्या ढिगाला फावड्याने उगाच दोन-चार तडाखे द्यायची. म्हाताऱ्याशी तिने बोलणं टाकलं होतं. जेवण समोर ठेवायचं, उचलायचं, बस. त्याचंही काही अडलं नाही.

शुक्रवारी ते आले. शिओझाकीसाहेब म्हणजे कुणी ढेरपोट्या, तोंडाळ माणूस असेल असं तिने धरलं होतं. तसा असता तर किती बरं झालं असतं! निघाला सडपातळ, पिकल्या केसांचा, हळू बोलणारा. चपला काढून त्याने स्वतःच वळवून नीट ठेवल्या. आत जाऊन म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि त्याच्या खाटेशी बसून यंदा बर्फ किती पडलं ते विचारलं. तामायोने रानातल्या कोवळ्या कोंबांची भजी तळली होती, ती त्याने एक एक करून, चव घेत संपवली. तिला त्याचा राग येईना आणि ह्याचाच तिला जास्त राग येत होता.

जेवताना कुनिओ त्याच्या पेल्यात साके ओतत होता आणि तोंडाने मध ओतत होता. "साहेबांना सगळे ओढे माहीत आहेत, ताई. साहेबांनी अमुक नदीवर केवढा मासा धरला होता..."

"मोठा मासा कुणालाही मिळतो," शिओझाकी म्हणाला. "मी ह्या छंदात दोन-तीनदाच खरा रागावलो असेन. एकदा काय झालं, मी पहाटे एका ओढ्यात शिरलो. खालून वर, नियमाने, एकेक डोह करत चाललोय. दुपारी बघतो तर एक माणूस रान तुडवत माझ्या पुढे जाऊन पाण्यात उतरलेला! मासा वरून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा असतो. पुढच्याची सावली पडली की मागच्याला काय उरतं? बुजलेलं पाणी. मी त्याला ओढ्याबाहेर काढलं. हाताला धरून. पाण्यात जो आधी शिरला तो पहिला, मग तो कुणी का असेना. मागून आलेल्याने विचारायचं, आणि नाही म्हटलं तर टोपी काढून मागे फिरायचं. एवढं पाळत नसेल त्याने घरी बसून मासे विकत घ्यावेत."

"बरोबर, बरोबर," कुनिओ म्हणाला.

तामायोने भाताचं झाकण लावलं. तिला तो नियम कुणी शिकवायला नको होता. ह्या गावात त्या नियमापायी दोन घरं एकमेकांच्या मयतीला गेलेली नाहीत. पण शहरातला माणूसही तो इतक्या तळतळून मानतो, हे तिला आत्ता कळलं. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! आधी शिरला तो पहिला काय?

म्हातारा आतून दोनदा खाकरला. तिने लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांचे डबे बांधून, ओट्यावर ठेवून, ती त्यांच्या आधी निघाली. घरच्या छोट्या ट्रकने लाकूडतोड्यांच्या रस्त्याच्या टोकापर्यंत, मग पायी. मुख्य ओढ्याच्या काठाने वर जाताना पायाखाली अजून कुठे कुठे जुनं बर्फ लागत होतं. मनातल्या मनात ती दोघांना बोलत होती, बापाला आणि भावाला, आणि इतकं चांगलं बोलत होती की प्रत्यक्षात तसं कधी जमलं नसतं. द्या म्हणावं पोराला वाट! वाट दिलीत, पाणी मी देत नाही. मी पुढे, तुम्ही मागे. संध्याकाळपर्यंत एकेका डोहावर बूड टेकून बसते, आणि उद्याही बसते. तुझा साहेबच तुला मागे फिरवेल.

वरच्या पाण्याचं तोंड बघून तिथे ओढा आहे असं कुणी म्हणणार नाही. दोन काळ्या दगडांच्या मधे धोंड्यांची कोरडी घसरण, वर बांबूची दाट जाळी. धबधबा आत, बराच वर; त्याचं पाणी वरच जमिनीत शिरतं आणि धोंड्यांच्या खालून मुख्य ओढ्याला मिळतं. डोळ्यांना थेंब दिसत नाही. तोमेकिचीने ही जागा निवडली ती ह्यासाठीच. लोक पिढ्यानपिढ्या इथून डबे खात पुढे गेलेत.

तामायोने त्या कोरड्या घसरणीच्या तोंडाशी गळाची काठी लांब करून आडवी धरली, टोपी फांदीला अडकवली, म्हणजे आत माणूस आहे अशी खूण, आणि दगडावर बसली. घंटांचा आवाज आला तेव्हा तिने मान ताठ केली.

कुनिओ पुढे होता. पाण्यातून ठेचकाळत, फोन बघत. तो तिच्या समोरून दहा पावलं पुढेसुद्धा गेला. मग थांबला, वळला.

"ताई? तू इथे काय करतेयस?"

"दिसत नाही? मी आधी आलेय. हे पाणी आज माझं आहे. पुढे जायला देणार नाही."

"कुठलं पाणी?" त्याने कोरड्या धोंड्यांकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता गोंधळ होता, खरा, लहान पोरासारखा. "तुझं डोकं फिरलंय का? आम्ही पुढे चाललोय. काळ्या कड्याच्या मागचा ओढा, दुसरं वळण. बाबांनी तेच सांगितलंय."

तामायोच्या हातातली काठी आडवीच राहिली.

काळ्या कड्यामागचा ओढा! तिथे कुणीही जातं. शाळेतली पोरं जातात. तिथे मासे आहेत, बरेच आहेत, साहेबाला खूश करायला पुरेसे आहेत. पण ते वरचं पाणी नाही. म्हाताऱ्याने दार लावून, हसून, पोराच्या तोंडाला पानं पुसली होती. कुणालाही वाट दिली नव्हती त्याने. आणि ती मात्र इथे खऱ्या दाराशी टोपी टांगून बसली होती.

तिने काठी पटकन खाली केली. "नाही, म्हणजे मी... सहज बसले होते. कोंब खुडायला आले होते."

फार उशीर झाला होता. शिओझाकी मागून आला होता आणि घसरणीसमोर उभा होता. त्याने तिच्या काठीकडे बघितलं, फांदीवरच्या टोपीकडे बघितलं, मग पुढे होऊन दोन धोंड्यांच्या फटीसमोर तळवा धरला. आतून वाहत्या पाण्याचा गारवा येतो तिथे. तामायोलाही तो लहानपणी असाच तळव्याला लागला होता. शिओझाकीने मान वर करून बांबूची जाळी नीट, सावकाश बघून घेतली. मग टोपी काढली आणि तिच्यासमोर वाकला.

"माफ करा, ताई. मला माहीत नव्हतं इथे पाणी आहे. तुम्ही आधी आलात, पाणी तुमचं. आम्ही ठरल्याप्रमाणे पुढे जातो."

"तसं काही नाहीये इथे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला केविलवाणा वाटला.

तो हसला. खवचट नाही, अगदी मनापासून हसला. "तुम्ही इतकी वर्षं डोंगरात फिरता. कोरड्या दगडांची राखण करायला तुम्ही उजाडायच्या आधी येणार नाही. पुढच्या वेळी मी लवकर निघेन. तेव्हा मला आधी जाऊ द्यायचं हं!"

आणि तो पाण्यात उतरून पुढे चालायला लागला, खूश होऊन. त्याच्यासाठी सगळं सरळ होतं.

कुनिओ मात्र हलला नव्हता. त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट बसत होती आणि प्रत्येक गोष्टीबरोबर त्याचा चेहरा लाल होत होता.

"म्हणजे हे आहे," तो हळू म्हणाला. "आणि बाबांनी मला तिकडे पाठवलं. स्वतःच्या मुलाला. माझी नोकरी टांगणीला लागलीय, आणि माझ्याशी हसत खोटं बोलले."

"कुनिओ..."

"आणि तुलाही सांगितलं नाही!" तो एकदम मोठ्याने हसला. ऐकवत नव्हतं ते हसणं. "नाही ना सांगितलं? वीस वर्षं बेडपॅन उचललीस आणि एवढंही सांगितलं नाही त्यांनी तुला? अरेरे, ताई! मला निदान खोटं तरी सांगितलं. तुला तर काहीच नाही!"

तो साहेबाच्या मागे गेला. घंटा वाजत वाजत वळणाआड गेली. तामायोने टोपी काढून डोक्यावर घातली, परत काढली, आणि तशीच हातात धरून खाली उतरली. वर जाऊन मासे बघायचं तिला सुचलं नाही.

म्हातारा जागाच होता. दाराचा आवाज होताच त्याने, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, आपणहून विचारलं, "गेले ना पुढे? काळ्या कड्याकडे?"

"गेले," ती म्हणाली. "पण आधी मला भेटून गेले. मी तोंडाशी बसले होते. काठी घेऊन, टोपी टांगून. तो शहाणा माणूस सगळं समजला."

म्हाताऱ्याने गादीवर मूठ आपटली. एवढ्या वाळलेल्या हातात इतका जोर असेल असं वाटत नव्हतं.

"गाढव! मी त्याला बरोबर वाटेला लावला होता! कुणी सांगितलं होतं तुला तिथे जाऊन बसायला?"

"कुणी नाही! कुणी काही सांगितलंच नाही ना! एक वाक्य, बाबा. तामायो, मी त्याला खोटं सांगितलंय, तू घरी बस. एवढं बोलायला काय जीभ झडली असती?"

"तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस का त्याच्याशी? फोनवर इतकी तणतणली असतीस? तुला खोटं बोलता येत नाही. तुझा राग बघून त्याला खात्री पटली की वाट खरी आहे. तू चिडायलाच हवी होतीस."

"म्हणून मला चिडवलंत. जेवण टाकलं होतं मी, ते कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं."

ह्या दोन शब्दांनी तिला मुळासकट हलवलं. न कळलेलं परवडलं असतं.

म्हातारा आढ्याकडे बघत विचार करत होता. त्याचा श्वास जोरात चालला होता. "तो येणार," तो म्हणाला. "असली माणसं येतातच. ह्या उन्हाळ्यातच येईल. आज एक, मग त्याचे चार मित्र." मग त्याने मान वळवली, आणि त्याचे डोळे अगदी शांत झालेले होते. "उद्या तू वर जा. गांडुळं घेऊन जा. बारीक गऱ्या, जाळी, सगळं ने. वरच्या डोहापासून सुरू कर. एकही ठेवू नकोस."

"काय?"

"मारून आण सगळे. खारवून ठेव, नाहीतर फेकून दे. दुसऱ्याने कशाला मारायचे? मी नेले, मी संपवीन."

तामायोला आजवर वाटत आलं होतं की दोघं मिळून, न बोलता का होईना, ते मासे राखताहेत. डोहाच्या कडेला पोटावर पडून तिने त्यांच्या किती पिढ्या बघितल्या होत्या; बोटाएवढी पिल्लं, पांढऱ्या ठिपक्यांच्या पाठी. म्हातारा मासे राखत नव्हताच. तो फक्त कुणाला कळू देत नव्हता.

"मी जाणार नाही," ती म्हणाली.

"मग कुनिओला पाठवतो. त्याला आता कळलंय ना जागा."

"पाठवा. तुम्ही आज त्याला काय केलंत ते त्यालाही कळलंय. बघा येतो का तुमच्या खाटेशी." तिचा आवाज चढला नव्हता, ह्याचं तिलाच नवल वाटलं. "संध्याकाळी ते दोघं जेवायला येतील. तेव्हा मी त्या शिओझाकीलाच सांगणार आहे. वाट सांगणार आहे, दोर कुठे बांधायचा ते सांगणार आहे, आणि माणशी एक मासा, जास्त नाही, हेही सांगणार आहे."

"त्या परक्याला? माझं पाणी?"

"हो, त्यालाच. त्याने टोपी काढून मला विचारलं. ह्या घरात मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. काहीतरी बोलला तो, शिवी असेल किंवा दुसरं काही. ती तोवर तांदूळ धुवायला गेली होती, आणि तिने नळ पूर्ण सोडला होता.